चार गाठी

गोकुळच्या हाताला गाठ बसंना झाली, त्याला आता वरीस होत आलं व्हतं. गाठ म्हंजी कसलीबी. गाईचं दावं म्हणा, पोत्याचं तोंड म्हणा, पायजम्याची नाडी म्हणा. दोरीची दोन टोकं हातात आली की बोटं थडथडा उडायची, कपाळाला घाम फुटायचा, आन् टोकं गळून पडायची. सांगवीतला हा गडी वीस वरसं कारखान्याला ऊस वढत व्हता. दोन-दोन ट्रॉल्या भरून वर दोर आवळायचा, तर दोर कुरकुरायचा. आन् आता सकाळी उठून बायकोम्होरं हुबा ऱ्हायचा.

"ये," संजीवनी म्हणायची. "दोन पोरांच्या नाड्या बांधून हात मोकळं झालं व्हतं, तर हे तिसरं आलं."

म्हणायची, पन बांधताना वर बगायची न्हाय. त्याच्या डोळ्यांत बगितलं की तिलाच रडू यायचं.

लोकं म्हणायची, ॲक्सिडेंटचं भ्या बसलंय. ते खरं व्हतं. पन सगळं खरं त्येवढंच न्हवतं.

झालं व्हतं असं. गेल्या जानेवारीत निमगाव केतकीच्या पुढं, इंदापूरच्या अंगाला, त्याच्या मागल्या ट्रॉलीचं टायर बसलं. दिवस नुकताच बुडालेला. ट्रॉली निम्मी डांबरावर, निम्मी साईडपट्टीला. गोकुळ खाली वाकून जॅक लावतोय तवर मागनं एक मोटरसायकल येऊन धडाकली. चोवीस वरसाचं पोरगं. ऋतिक नाव. बारामतीच्या एमआयडीसीत कामाला, घरी निघालेलं. घर तिथनं हाकंच्या अंतरावर. पंचनाम्यात लिवलं की ट्रॉलीला मागं चमकी पट्ट्यांचं लाल कापड नीट बांधलेलं व्हतं, पोराचा मोबाईल रस्त्यावर पडलेला गावला, म्हंजी गडी फोनवर बोलत गाडी चालवत व्हता. गोकुळ सुटला.

सुटला, पन पुन्ना ट्रॅक्टरवर काय बसला न्हाय.

पयल्यांदा संजीवनीनं त्याला बारामतीत मनाचा इलाज करनाऱ्या एका सरांकडं नेलं. त्या सरांची रीत अशी की सगळं लहानपणात असतंय. सा आठवडं त्यांनी गोकुळचं लहानपण उकरलं. बाप मारायचा का? आई जवळ घ्यायची का? गोकुळ म्हणायचा, "सर, बाप मारायचा. पन त्या टायमाला सगळ्यांचाच मारायचा." सर म्हणायचे, "बोला, अजून बोला." सातव्या बारीला गोकुळनं हात जोडलं, "सर, ह्यात ट्रॉली कवा येनार?" सर म्हणले, "येईल, घाई करायची नाही." गोकुळ परत गेलाच न्हाय.

मग एका डाक्टरनं गोळ्या दिल्या. गोळ्यांनी झोप लागायची, अशी की म्हशीगत. पन उठला की नाडी हायेच.

मग कुणीतरी मोनाली मॅडमचं नाव सांगितलं. एका लॅबच्या माडीवर बारकी खोली, दोन खुर्च्या, एक टेबल, भिंतीवर घड्याळ. मॅडम तिशीतल्या, आवाज हळू, पन कामाला पक्क्या. पयल्याच दिशी त्यांनी कागदावर मोठा गोल काढला.

"गोकुळराव, त्या अपघाताला काय काय कारणं होती, ती सगळी ह्याच्यात मांडायची. ज्याचा जेवढा वाटा, तेवढा तुकडा."

"भाकरीचं चतकोर करायचं तसं?"

"अगदी तसंच."

मग दोघांनी मिळून भाकरी मोडली. अंधाराचा एक तुकडा. बसलेल्या टायरचा एक. रस्त्याला दिवा न्हाय, त्याचा. पोराच्या डोक्याला हेल्मेट न्हाय, त्याचा. फोनचा तर चांगला चतकोर. सगळं काढून झाल्यावर ऱ्हायला एक बोटाएवढा कुटका.

"हा तुमचा," मॅडम म्हणल्या.

"एवढाच?"

"एवढाच. आणि तुम्ही वर्षभर अख्खी भाकरी खाताय."

गोकुळला हसू आलं. वरसात पयल्यांदा. त्या दिशी त्यो घरी येऊन दुपारी गोळीबिगार झोपला.

आता मॅडमची काय चूक न्हाय. भाकरी त्यांनी नीट मोडली. पीठच खोटं व्हतं, त्याला त्या काय करतील? फोनचा चतकोर खोटा व्हता. आन् लाल कापडाला तर तुकडाच न्हवता. कागदावर कापड बांधलेलं व्हतं ना.

ते कापड बांधलेलं न्हवतं. कारखान्यानं दिलेलं कोरं कापड, घडी घालून, ट्रॅक्टरच्या शीटखाली व्हतं. वाऱ्यानं फडफडतंय, फाटतंय, गेटवर बगत्यात तवा बांधू, असं करत ऱ्हायलेलं. मोटरसायकल धडाकली, गोकुळ भाईर आला, आन् पोराकडं जायच्या आदी त्यो शीटकडं पळाला. कापड वढलं आन् ट्रॉलीच्या मागं बांधाया लागला. चार कोपरं, चार गाठी. पयल्या गाठीला पोरगं कण्हत व्हतं. दुसरीला "पाणी" म्हणलं. तिसरीला नुसती घरघर. चवथी आवळली तवा कसलाच आवाज न्हवता.

मग त्यो पोराजवळ बसला. जर्किनची आतली चेन उघडून मोबाईल काढला, घरी फोन करावा म्हणून, तर त्याला लॉक. तेवढ्यात एका जीपचा उजेड आला आन् मोबाईल हातातनं डांबरावर पडला. माणसं म्हणली, "फोनवर बोलत व्हतं वाटतं." गोकुळ कायबी बोलला न्हाय.

हे त्यानं संजीवनीलाबी सांगितलं न्हवतं.

पुढच्या बारीला मॅडमनी दुसरं काम दिलं. जितं भ्या वाटतंय तितं रोज जाऊन थांबायचं. भ्याला दहापैकी मार्क द्यायचं. ते उतरल्याबिगार हलायचं न्हाय.

गोकुळनं केलं बगा. रोज इंदापूर गाडीत बसायचा, निमगाव सोडलं की पुढच्या वस्तीच्या फाट्यावर उतरायचा, आन् चालत जाऊन त्या जागंच्या बाभळीखाली हुबा ऱ्हायचा. पयल्या दिशी नऊ मार्क पडलं. चवथ्या दिशी सात. आठवड्यानं चार. संजीवनीला सांगितलं तवा ती म्हणली, "शाळंत कवा एवढा अभ्यास केला व्हतास का रं?" आन् पुरणपोळी केली.

नवव्या दिशी दुपारी एक बाई तांब्या घेऊन रस्ता वलांडून आली. पन्नाशीची, अंगानं वाळलेली.

"दादा, रोज हुबं असता. हितं गाडी थांबत न्हाय, फाट्याव थांबती. घ्या, पाणी प्या."

गोकुळनं तांब्या घेतला. त्याला वाटलं, नुसतं पाणी हाय, प्यावं.

"मीबी येती हितं," बाई म्हणली. "माझा ऋतिक हितंच गेला."

गोकुळनं तांब्या तोंडापासनं खाली घेतला.

ती प्रयागबाई. ऋतिकची आई. तिनं गोकुळला कवा बगितलंच न्हवतं. पोलिसात तिचा दीर जायाचा. माणूस भेटलं की ती बोलायची, तशी बोलाया लागली. दवाखान्यात बायकांचा एक गट बसतो. तिथली ताई म्हणती, मनात राग साठलाय, भाईर काढा. हातात उशी देती, हिला बडवा म्हणती.

"बाकीच्या बायका बडवत्यात बाई, कापूस निघंस्तोवर. मी नुसती धरून बसती. उशीनं काय केलंय? जे केलं ते मीच केलं."

"तुमी काय केलं, मावशी?"

"फोन मी लावला ना दादा. म्हणलं, येताना चहाची पत्ती आन, संपली. त्यो 'आनतो' म्हणला. तेवढ्यात गेला. समदी म्हणली, फोनवर व्हता. म्हंजी माझ्याशीच बोलत व्हता की." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तवापासनं घरात च्या न्हाय. फोनला हात लावत न्हाय मी. ताई म्हणती, तुमची काय चूक न्हाय. तिला काय जातंय म्हणाया?"

त्या दिशी गोकुळनं मार्क दिलं न्हाईत.

दुसऱ्या दिशी त्यो वेळ न घेताच माडीवर गेला. मॅडम डबा खात व्हत्या. त्यानं हुब्यानंच सगळं सांगितलं. कापड, चार गाठी, पाणी, मोबाईल. मॅडमनी डब्याला झाकण लावलं.

"मॅडम, त्यो गोल काढा की परत."

त्यांनी कागद फुडं केला आन् पेन त्याच्याच हातात दिला. गोकुळनं पेन धरला, बगितलं, खाली ठिवला.

"त्या माऊलीची भाकरी कोन मोडनार?" त्यो म्हणला. "ती अख्खी खातीया, माझ्या वाट्याची."

"तुम्ही इथं सांगितलंत ते माझ्याकडून बाहेर जाणार नाही," मॅडम म्हणल्या. "तिथं सांगायचं की नाही, ते मी नाही ठरवू शकत. पण एक विचारते. सांगायचं ते तिच्यासाठी, की तुमचा हात थांबावा म्हणून?"

"ठावं न्हाय."

"सांगितल्यावर हात थांबेलच असं नाही. आणि पुढं पोलीस आहेत, तिची माणसं आहेत."

"ते ठावं हाय."

घरी येऊन त्यानं गोठ्यात बगितलं. ते लाल कापड संजीवनीनं कडबाकुट्टीच्या मशिनीवर टाकलं व्हतं, धूळ बसू न्हाय म्हणून. त्यानं घडी घातली, पिशवीत कोंबली.

"कुठं निघालास?" संजीवनी म्हणली.

"निमगावला. यायला वेळ लागंल. पोरांना जेवू घाल."

तिनं पिशवीकडं बगितलं, त्याच्याकडं बगितलं. नाडी एकदा वढून बगितली, घट्ट हाय का.

प्रयागबाईच्या घराम्होरं पत्र्याचं शेड, त्यात एक लोखंडी बाज. दारातनं आतली भिंत दिसत व्हती. वर बुद्धाचा आन् बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली ऋतिकचा, हार घातलेला. शेजारी घड्याळ. घरात तिच्याबिगार कोन न्हवतं.

गोकुळ बाजेवर बसला न्हाय. खाली भुईवर बसला आन् सांगितलं, ती ट्रॉली माझीच. आदी मोबाईलचं. "मावशी, मोबाईल खिशात व्हता. आतल्या खिशात, चेन लावून. मी काढला. तुमचा फोन कवाच झाला व्हता. बोलत न्हवता त्यो." मग कापडाचं. मग गाठींचं.

प्रयागबाई आयकत ऱ्हायली.

"पाणी मागितलं?"

"व्हय."

"दिलंस?"

"न्हाय."

"व्हतं का तुझ्याजवळ?"

"ट्रॅक्टरवर कॅन व्हता. पाच लिटरचा."

गोकुळ वाट बगत व्हता, ती आता मारंल, वरडंल, ऊर बडवंल. तिनं पिशवीतनं कापड काढलं. त्याच्या पट्ट्यांवरनं हात फिरवला. मग ते बाजेवर टाकलं.

"बांध."

"मावशी..."

"बाजेला चार पाय हायेत. बांध. बगू दे मला कसं बांधलंस."

गोकुळनं पयलं टोक धरलं. बोटं उडाया लागली. टोक सुटलं, परत धरलं, परत सुटलं. घाम डोळ्यांत गेला. एक गाठ बसायला कितीतरी वेळ गेला. ती दारात हुबी ऱ्हाऊन आतल्या घड्याळाकडं बगत व्हती. चवथी गाठ कशीबशी झाली.

"त्या दिशी हात असंच थरथरत व्हतं का?"

गोकुळनं मान खाली घातली. "न्हाय मावशी. त्या दिशी न्हवतं थरथरत."

"मग सोड समद्या. आन् परत बांध. त्या दिशीसारखं."

त्यानं सोडल्या. पयला कोपरा हातात घेतला, आन् बोटं थांबली. नुसती थांबली. वरसभर डाक्टर झालं, सर झालं, मॅडम झाल्या, कुणाला जे जमलं न्हाय ते झालं. कोपरा वढला, फिरवला, आवळला. एक. दुसऱ्या पायाकडं गेला. हात आपसूक करत व्हतं, वीस वरसं करत आलं तसं. दोन. तिसऱ्या गाठीला प्रयागबाईनं घड्याळावरची नजर न काढता भिंतीला टेका दिला. चवथी आवळली तवा बाज करकरली.

गोकुळनं आपल्या हाताकडं बगितलं. कवडीचीबी थरथर न्हवती. त्याला वाटलं, ह्यापरीस थरथरत व्हतं ते बरं व्हतं.

"चार मिंटं," प्रयागबाई म्हणली. "चार मिंटं जिता व्हता. मला समद्यांनी सांगितलं जाग्यावर गेला. जाग्यावर गेला म्हणून मी वरीस काढलं." ती थांबली. "चार मिंटांत हितनं तितवर दोनदा जाऊन आली असती मी. तांब्या घेऊन."

ती घरात गेली. फळीवरचा मोबाईल घेतला. दीर चार्जिंगला लावायचा, तिनं वरसभर हात न लावलेला. बोट ठेवायच्या आदी जरा थबाकली. मग लावला.

"भिमा भाऊजी, घरी या. आत्ताच्या आत्ता. न्हाय, मला काय झालं न्हाय. हितं एक मानूस बसलाय." तिनं गोकुळकडं बगितलं. "न्हाय, पळायचा न्हाय त्यो."

मोबाईल तिनं फळीवर ठिवला न्हाय, हातातच ठिवला. गोकुळनं गाठी सोडाया हात फुडं केला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणली. "भाऊजींना दावायच्यात."

त्यानं हात मागं घेतला आन् भुईवर बसला. ती उंबऱ्यावर बसली. दोघांच्या मधी बाज, बाजेवर लाल कापड ताणून बांधलेलं. लांबनं रस्त्याच्या अंगानं मोटरसायकलचा आवाज यायला लागला. गोकुळ उठला न्हाय.