धबधब्यापर्यंत गप्प

"आई, आज धबधब्यापर्यंत एक अवाक्षरही न काढता बसून दाखवशील का?"

प्रश्न भिंगरीने विचारला खरा, पण तो तिच्या एकटीच्या डोक्यातला नव्हता. लंबू आणि मिरची या तिच्या दोन जिवलग मैत्रिणींनी काल शाळा सुटल्यापासून टुमणं लावलं होतं, "हिंमत असेल तर सगळ्या पाहुण्यांसमोर विचार!" आणि हिंमत हा शब्द ऐकला की हल्ली भिंगरीला राहवत नसे. गेल्या वर्षापर्यंत हजेरी देतानासुद्धा जिचा आवाज पुढच्या बाकापर्यंत पोचत नव्हता, तिला या वर्षी असा काही कंठ फुटला होता की विचारू नका. वर्गप्रतिनिधीची निवडणूक तिने अकरा मतांनी मारली होती आणि तेव्हापासून बाईसाहेब जिनासुद्धा दोन-दोन पायऱ्या टाकत चढत होत्या.

डोंगराच्या खांद्यावरचं आठ खोल्यांचं लॉज तिच्या आईबाबांचं. खोल्या साध्याच, गाद्या जरा कडकच; लोक येत ते सहलींसाठी. रोज सकाळी नऊला बाबा गाडी दाराशी लावत आणि पाहुण्यांना जेवणाच्या वेळेपर्यंत फिरवून आणत. एक दिवस तळं, एक दिवस धबधबा, एक दिवस वाऱ्याचा कडा. बाबा गाडी चालवत आणि शेजारी बसून आई बोलत असे. नुसतं बोलणं नव्हे, धो धो. "अगंबाई, आला बघा पांढरा दगड! आता डावीकडे वळलं की दरी कशी उघडते बघा हं… आणि ही समोरून दुधाची गाडी, किती घाई मेल्याला… वाकलेलं झाड आलं हो, वाकलेलं झाड!" वीस वर्षं तोच रस्ता, तीच झाडं, आणि हिचं कौतुक काही सरेना. तिला गमतीने सगळे रेडिओ म्हणत. गेल्या हिवाळ्यापासून तर त्या रेडिओचं बंद करायचं बटणच हरवलं होतं.

आज शनिवार. गाडीत पाहुणे चारच होते: एक निवृत्त मास्तर, त्यांची बायको, आणि एक तरुण बाप त्याच्या चार वर्षांच्या पोरीला घेऊन. जागा रिकाम्या म्हणून तिघी मैत्रिणीही घुसल्या होत्या.

"कशाला? बोलू दे की तिला," बाबा म्हणाले. फार पटकन म्हणाले.

"नाही नाही, वहिनी, पैज घ्याच!" मास्तरांना जोर चढला. "कालपासून माझं डोकं… म्हणजे राग मानू नका, पण जरा त्या डोंगरालाही बोलू द्या."

लंबूने मिरचीला कोपराने ढोसलं. आई हसली, पण ते हसू ओठांवरच अडकलं. तिने बाबांकडे पाहिलं.

"आज तळ्याकडेच जाऊ या का?" बाबा म्हणाले. "रस्ता सपाट आहे."

"तळं काल झालं ना हो!" मास्तरांची बायको म्हणाली.

"बरं बाई," आई शेवटी म्हणाली. "गप्प बसते. पण मग वर मी लाजून गप्प बसले असं कोणी म्हणायचं नाही."

सगळे हसले. भिंगरी सगळ्यांत मोठ्याने.

ती बरोबर आईच्या मागच्या जागेवर होती. पहिल्या दोन वळणांपर्यंत मजा आली. मिरची कानाशी कुजबुजत होती, "बघ, फुगून फुटणार आता." तिसऱ्या वळणाला भिंगरीचं लक्ष आईच्या हाताकडे गेलं. हात बाबांच्या कोपरावर होता. वळण यायच्या आधी बोटं एकदा दाबली गेली. बाबांनी चाक डावीकडे वळवलं. पुढच्या वळणाआधी बोटं दोनदा दाबली गेली आणि गाडी उजवीकडे गेली. भिंगरीला आधी वाटलं, प्रेमात आहेत दोघं, या वयात! मैत्रिणींना दाखवावं म्हणून ती वळणारसुद्धा होती.

तेवढ्यात सरळ रस्ता लागला. पुढे दुरुस्तीचं काम चालू होतं आणि रस्त्याच्या अगदी मधोमध लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा एक ड्रम उभा होता, माणसाच्या छातीइतका उंच. शेजारी एक कामगार झेंडा हलवत होता. चार वर्षांची पोरगी मागून ओरडली, "बाबा, लाल डबा!" गाडी मात्र आपल्या चालीने निघाली होती, ड्रमच्या दिशेने, सरळ. आईची बोटं कोपरात रुतली. मग आई ओरडलीच. "ड्रम! अहो, ड्रम!"

गाडी करकचून थांबली. बंपरपासून ड्रम हातभर लांब.

"हरलात, वहिनी!" मास्तरांनी टाळी वाजवली. "जिंकलो, जिंकलो!" लंबू आणि मिरची जागेवरच उड्या मारायला लागल्या. कामगार खिडकीशी आला. "काय साहेब, डुलकी लागली का?"

"ऊन आलं डोळ्यांवर," बाबा हसून म्हणाले.

भिंगरीने समोर पाहिलं. गाडीची सावली पुढे पसरली होती, ड्रमवर चढली होती. ऊन पाठीमागे होतं.

पुढे धबधब्यापर्यंत आणखी नऊ वळणं, प्रत्येकाला एका बाजूला दरी, आणि गाडीत नऊ माणसं. ओरडावं? काय म्हणून? "थांबा, माझ्या बाबांना दिसत नाही"? तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. अकरा मतांनी निवडून आलेली वर्गप्रतिनिधी सीटची कड धरून बसून राहिली. पैज हरल्यामुळे आईचं बोलणं पुन्हा सुरू झालं होतं, "पांढरा दगड आला हो!", आणि आता भिंगरीला प्रत्येक शब्द नवा ऐकू येत होता. त्या बोलण्यात कौतुक कुठेच नव्हतं. सगळा रस्ताच होता.

धबधब्याशी सगळे फोटो काढायला पांगले. बाबा गाडीला टेकून उभे होते. भिंगरी पाय न वाजवता त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली, पाच पावलांवर, आणि तिने जीभ काढून डोळे फिरवले. लहानपणी तिने असं केलं की बाबा लगेच दुप्पट वेडंवाकडं तोंड करत. आता ते तिच्या कानाच्या जरा बाजूला बघत राहिले आणि अदबीने म्हणाले, "आवडला ना धबधबा?"

पाहुण्यांशी बोलायचा आवाज होता तो.

"हो," भिंगरी म्हणाली. मग तिचा आवाज ओळखून ते हसले, "अगं, तू होय!"

येताना मास्तरांनी नवीन फर्मान काढलं. हरलेल्या बाजूने दंड म्हणून परतीच्या वाटेवर गप्प बसायचं. आईने मागे वळून भिंगरीकडे पाहिलं, एकच क्षण. भिंगरीला कळलं की आईला कळलंय. आणि मग तिचं तिलाच नवल वाटलं, ती बोलायला लागली. "बाबा, वाकलेलं झाड आलं! आता उजवीकडे दरी किती छान दिसते नाही… बाबा, समोरून सायकलवाला!"

"अय्या, ही पण रेडिओ झाली!" मिरची किंचाळली. "रेडिओचं पिल्लू!"

सगळे हसत होते. भिंगरी बोलत होती, घसा कोरडा पडला तरी. आणि सातव्या वळणाला, मिरचीने गुदगुल्या केल्या म्हणून असेल, तिचा एक शब्द उशिरा आला. फक्त एक. मागचं चाक डांबर सोडून खडीवर उतरलं, खडखड वाजलं, दोन-चार दगड खाली गेले. आईच्या बोटांनी बाबांचं कोपर ओढलं आणि चाक वर आलं. पोरगी खिदळली, "पुन्हा, पुन्हा!" बाकी कोणाच्या काही लक्षातही आलं नाही. दगड खाली पोचल्याचा आवाज काही आला नाही.

दुपारी मैत्रिणी घरी गेल्यावर भिंगरी चादरींच्या खोलीत गेली. आई एकटीच वाळलेल्या चादरींशी झटत होती. भिंगरीने समोरची दोन टोकं धरली.

"कधीपासून?"

"गेला हिवाळा." आईने चादर झटकली. "डॉक्टर म्हणाले, कडेचं दिसेल, मधलं जाईल. ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जातं म्हणतात. आणि परत येणार नाही म्हणाले."

"मग तू चालव."

"शिकले की. दोनदा परीक्षेला बसले. दुसऱ्या वेळी परीक्षक मधेच उतरून चालत गेला." आई हसायला गेली, पण मग चादरीच्या कडेनेच डोळे टिपले. "ड्रायव्हर बघितले. या उंचीवर तीन तासांच्या फेरीसाठी कोणी राहत नाही गं. आणि फेऱ्याच बंद केल्या तर इथे येणार कोण? चार भिंती बघायला?"

"मग मी…"

"तुला परवाना मिळायला तीन वर्षं आहेत."

चादरीची टोकं जुळवायला दोघी जवळ आल्या, आणि तशाच उभ्या राहिल्या. घडी कोणीच घातली नाही.

बाबा दारात कधी आले ते कळलं नाही. ते चौकट धरून उभे होते. "ऐकलं मी," ते म्हणाले. मग जवळ आले आणि हात पुढे करून भिंगरीचं डोकं शोधलं. "आज काय झकास सांगत होतीस! आईपेक्षा स्पष्ट. तिचा घसा बसतो हल्ली. सोमवारपासून तुला सुट्टी आहे ना? पुढे बसशील माझ्याशेजारी? सुट्टीपुरतं. या हंगामापुरतं."

किती आशेने विचारत होते ते! शाळेच्या स्नेहसंमेलनात घ्याल का मला, असं एखादं पोर विचारतं तसं. भिंगरीला ओरडायचं होतं, खडीवर चाक गेलं तेव्हा मीच सांगत होते, बाबा! पण त्यांचा हात डोक्यावर होता. आई खाली मान घालून उशीचे अभ्रे मोजत होती, तेच तेच पुन्हा.

"आलेच," म्हणून ती बाहेर पडली.

ती परत आली तेव्हा दोघं तिथेच होते, चादरींच्या ढिगावर शेजारी शेजारी बसलेले. आई बाबांना हळू आवाजात काहीतरी सांगत होती, बहुधा खिडकीबाहेरचं.

"मी सगळ्या पाहुण्यांना सांगून आले," ती म्हणाली. "बाबांना दिसत नाही, म्हणून. मास्तर बॅग भरायला लागलेत. ती पोरगी आणि तिचे बाबा थांबतायत. त्यांना उद्या मी तळ्यावर चालत नेणार आहे. चाळीस मिनिटं लागतात, मी मोजलीयत."

"अगं, हे काय केलंस तू!" आई उठली.

"तुला आमच्या पोटाचा जरा तरी…" बाबांचा आवाज मधेच तुटला. ते तिच्याकडे वळले होते, पण नजर तिच्या खांद्यापलीकडे कुठेतरी होती.

भिंगरी दोन पावलं सरकली, ती नजर जिथे पडत होती तिथे. मग लक्षात आलं की याचाही काही उपयोग नाही. तरी ती तिथेच उभी राहिली.

"ओरडा मला," ती म्हणाली. "हवं तर महिनाभर बोलू नका माझ्याशी. पण मी पुढे बसणार नाही, बाबा. आणि आईलाही बसू देणार नाही."