वळचणीतली विभूती

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी आमच्या ओट्यासमोर एवढी माणसं जमली होती की दूधवाल्यानं मोटारसायकल गल्लीच्या तोंडाशीच लावली आणि किटली डोक्यावर घेऊन तो घुसला. दूध देऊन गेला नाही. तोही हात जोडून उभा राहिला.

ओट्यावर पाट मांडलेला, पाटावर माझी आई. तिच्या डोक्यावर पत्र्याची वळचण. आणि खांबाजवळ पंचाक्षरी महाराज, हातात चांदीच्या मुठीचा दंड.

"मन्मथआप्पा!" महाराज वर बघून ओरडले. "कैलासातून बोलून राहिलेत आप्पा! ज्याचे कान उघडे त्यालाच ऐकू येतं!"

कुणालाच काही ऐकू आलं नाही. माना मात्र सगळ्यांनी हलवल्या. कान बंद असल्याचं चारचौघांत कोण कबूल करणार?

महाराजांनी दंड खांबावर मारला. एक. दोन. वळचणीच्या पांढऱ्या पट्ट्यांच्या फटीतून पिठासारखी बारीक भुकटी झिरमिरत खाली आली. आईच्या केसांवर, खांद्यांवर, तिनं पसरलेल्या पदरात. "हर हर महादेव!" गल्ली दणाणली. बायका पुढं सरकल्या. चिमूट चिमूट भुकटी कपाळाला, चिमूट चिमूट जिभेवर.

तिसरा दंड बसला आणि भुकटीबरोबर आणखी काहीतरी आईच्या पदरात पडलं. बोटभर लांबीचा, गंजलेला खिळा.

क्षणभर महाराजही गांगरले. पण या धंद्यातली माणसं गांगरलेली राहत नाहीत. "त्रिशूळाचं टोक!" ते म्हणाले. "महादेवानं स्वतःच्या त्रिशूळाचं टोक पाठवलं! या घराचं भाग्य बघा!"

खिळ्याला हळद-कुंकू लागलं. त्याची आरती झाली.

मी दारात उभी होते. मी इथल्याच शाळेत विज्ञान शिकवते. गर्दीतली निम्मी माणसं माझ्या विद्यार्थ्यांचे आईबाप होती, आणि त्यांतली काही अधूनमधून माझ्याकडे बघत होती. बाई काही बोलत नाहीत, म्हणजे खरं असणार. तीन सोमवार मी काही बोलले नव्हते. भीती वाटत होती म्हणून नव्हे. मला काहीच वाटत नव्हतं.

आप्पा, म्हणजे माझे वडील, माघात गेले. सकाळी चहा मागितला आणि चहा येईपर्यंत गेले. तेव्हापासून मी जेवत होते, शाळेत जात होते, फळा पुसत होते. लोक भेटायला आले की "हो", "ना" म्हणत होते. एकदाही रडले नाही. पाय झोपल्यावर टाचणी टोचली तरी कळत नाही ना, तसं अंगभर झालं होतं.

आम्ही लिंगायत; आमच्यात माणसाला पुरतात, आणि पुरताना विभूती वाहतात. आप्पांना घरातून नेताना आईनं त्यांच्याच डबीतली मूठभर विभूती काढून दिली होती. श्रावणातल्या पहिल्या सोमवारी, ओट्यावर आप्पा पूजेला बसायचे नेमक्या त्याच जागी तिला ही भुकटी सांडलेली दिसली. मग म्हणाली, "मी देलेली परत पाठवून राहिलेत."

शेजारच्या सरजाबाईनं ते ऐकलं. दुपारपर्यंत अख्ख्या जळकोट गावानं ऐकलं. तिसऱ्या दिवशी पंचाक्षरी महाराज जीपमधून उतरले. हे कुठल्या मठाचे नव्हते. आधी कंधारच्या बाजूला नारळ हातावर धरून बोअरची जागा दाखवत फिरायचे. तिथले बोअर कोरडे गेले आणि लोकांनी धुवून काढायच्या आत महाराज निघाले. आल्या आल्या त्यांनी वळचण न्याहाळली, खांबावर हात फिरवला, दंड एकदा सहज आपटून बघितला आणि फर्मान काढलं: या वळचणीला कुणी हात लावायचा नाही. झाडू नाही, रंग नाही, खिळा नाही. हात लावला की आप्पा रुसले.

माझा भाऊ सोमेश त्यांचा पहिला शिष्य. आईचं तर काय सांगावं? माघापासून ती भिंतीकडे तोंड करून पडून होती. भुकटी पडायला लागल्यापासून उठून वेणी घालायला लागली. दिवसभर पाटावर बसून वर बघायची. हसायचीसुद्धा. ते हसू मोडायला माझा हात धजत नव्हता, हेही खरं.

तिसऱ्या सोमवारी गर्दी पांगल्यावर मी तो खिळा उचलला. टोकाला लाकडाचे तंतू चिकटले होते. बोटांनी दाबले तर ओल्या पेंडीसारखे कुस्करले. मग एक साधी गोष्ट डोक्यात आली, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच काहीतरी आलं. खिळा खाली आला, म्हणजे वर काहीतरी खिळ्याशिवाय लटकतंय. आणि त्याच्या बरोबर खाली माझी आई बसते.

"आई, पाट आत घे," मी म्हणाले.

"न्हाई. त्ये हितंच येतेत."

"वर लाकूड कुजलंय."

"कुजू दे. मी हितंच बसणार."

सोमेशला सांगितलं तर तो उसळला. "ताई, तुला काय कळणार? आप्पा गेले तवा तू डोळ्यातून टिपूस काढली न्हाईस. निदान आईचं तरी हिसकावू नको."

"रडले नाही, बरोबर आहे," मी म्हणाले. त्याला वाटलं मी भांडेन. पण खरं होतं ते, भांडायचं कशाला?

पुढचा सोमवार श्रावणातला शेवटचा. महाराजांनी जाहीर केलं होतं, त्या दिवशी चारही खांबांवर चार तरुण एकदम अकरा अकरा दंड मारतील, आई मधोमध बसेल, आणि आयाबाया लेकरं घेऊन तिच्याभोवती बसतील. विभूतीचा पाऊस पडेल.

मी साहेबराव सुतारांकडे गेले. तीस वर्षांपूर्वीच्या भूकंपानंतर आप्पांनी दगडमातीचं माळवद उतरवून हलके पत्रे घातले, तेव्हा लाकूडकाम यांनीच केलं होतं. खिळा हातात घेऊन त्यांनी चष्मा वर सरकवला.

"ह्यो माझाच हाय. तुळईला कडेची फळी मारलो तवाचा." त्यांनी खिळा उलटासुलटा केला. "खिळा सुटत नसतोय, बाई. लाकूड सुटतंय. ती विभूती आणलीव का?"

मी पुडी उघडली. त्यांनी चिमूट घेऊन बोटांत चोळली, हुंगली, आणि मान खाली घातली.

"भुंगा लागलाय. लाकूड पोखरून पीठ करतोय. चाळीस वर्सं ह्येच पीठ झाडून राहिलो, आन सोमवारी मी बी कपाळाला लावलो की वो."

"का?"

"समदे लावायलते."

शेवटच्या सोमवारी गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. चार तरुण दंड घेऊन चार खांबांशी उभे. समई पेटलेली. आई पाटावर, तिच्याभोवती वीस-पंचवीस बाया आणि त्यांच्या मांडीवर लेकरं. साहेबराव शिडी खांद्यावर घेऊन आले तेव्हा महाराजांच्या कपाळावरचे भस्माचे पट्टे आखडले.

"शिडी कशाला?"

"आधी एक शंका आहे, महाराज," मी म्हणाले. शाळेतला आवाज काढला होता; सवयीनं गल्ली गप्प झाली. "विभूती म्हणजे काय?"

"भस्म! सगळं जळून जे उरतं ते! देह जळतो, वासना जळते, भस्म उरतं!"

"मग भस्म पुन्हा पेटतं का?"

"अहो शिक्षिका ना तुम्ही?" महाराज गर्दीकडे बघून हसले. "राख कधी पेटली का? चुलीतली राख घालून भाकरी भाजता येती का?"

लोक हसले. मी पण हसले असते, पूर्वी.

देवघरातली, आप्पांच्या डबीतली खरी विभूती मी आणली होती. चिमूटभर समईच्या ज्योतीवर सोडली. ज्योत जराशी दबली, बाकी काही नाही. मग आईच्या पाटाजवळची भुकटी मुठीत घेतली आणि थोडी थोडी ज्योतीवर भुरभुरली. फर्रकन जाळ झाला. पुन्हा टाकली, पुन्हा जाळ. ठिणग्या उडाल्या आणि लाकूड जळल्याचा वास ओट्यावर पसरला. हा वास गल्लीतल्या प्रत्येक बाईच्या ओळखीचा होता.

"पेटलं की वो," सरजाबाई म्हणाली.

"कैलासाची विभूती आहे ही! दिव्य अग्नी आहे तिच्यात!"

"पर आत्ताच म्हणलाव की राख पेटत न्हाई." सरजाबाईच्या आवाजात राग नव्हता. तिला नुसतं विचारायचं होतं, आणि तेच महाराजांना जड गेलं.

साहेबराव तोवर शिडीवर चढले होते. सोमेश धावला, "हात लावू नका!" म्हणून शिडीला धरून उभा राहिला. साहेबरावांनी वरूनच सांगितलं, "हालवू नको पोरा, मी पडंल." तो बिचारा मग शिडी धरूनच राहिला.

त्यांनी पांढरी पट्टी ओढून काढली. पोतंभर भुकटी, ओला लिंबाचा पाला आणि मेलेले भुंगे भदाभदा खाली आले. लेकरं घेऊन बाया उठल्या आणि मागं सरल्या. साहेबरावांनी स्क्रू पिळायचा पेचकस तुळईला लावला आणि हातानं ढकलला. हातोडी नाही, जोर नाही. मुठीपर्यंत आत गेला.

"ही तुळई," ते म्हणाले. "हिच्या चार खांबांवर अकरा अकरा दंड मारणार व्हता तुमी."

खांबांशी उभ्या पोरांनी दंड खाली ठेवले.

आई अजून पाटावरच होती. मी तिच्यासमोर बसले. "आई, ऊठ."

"त्ये येतेत गं," ती म्हणाली. अगदी हळू.

"नाही येत. आप्पा नाही येत, आई. ऊठ, मला तू पाहिजेस."

हे वाक्य मी ठरवलेलं नव्हतं. ती माझ्या खांद्यावर हात टेकून उठली. तिला उंबऱ्यापर्यंत आणलं. "समद्यांनी मागं सरा," म्हणत साहेबरावांनी दुसरी पट्टी सोडवली. तुळईचं टोक करकरलं आणि कडेची फळी चिखलानं भरलेल्या पन्हाळीसकट खाली आली. लाकडी पाटाचे दोन तुकडे झाले.

सोमेश शिडी धरून त्या तुकड्यांकडे बघत उभा होता. महाराज "अविश्वासी माणसांच्या सावलीत शक्ती थांबत नाही" असं काहीतरी बोलत बोलत जीपकडे गेले. त्यांना कुणी अडवलं नाही, कुणी मारलंही नाही. त्यांनी काही जादू केलीच नव्हती. दंड मारला की खांब हलतो, खांब हलला की तुळई हलते, तुळई हलली की पोखरलेल्या लाकडाचं पीठ फटीतून सांडतं. एवढंच. बाकीचं सगळं आम्हीच पुरवलं होतं.

गर्दी पांगली. जाताना बऱ्याच जणांनी कपाळ पुसलं.

आई उंबऱ्यात बसून होती. तिनं साहेबरावांना विचारलं, "पत्रे घालून तीस वर्सं झाली. इतक्या वर्सांत का पडली न्हाई मग ही भुकटी? आप्पा गेल्यावरच का पडली?"

मला हाच प्रश्न नको होता. महाराजांनी एवढ्यावरच दुकान मांडलं होतं. साहेबराव शिडीच्या शेवटच्या पायरीवर बसले.

"काकू, आप्पा दरसाल मिरगाच्या आधी वर चढायचे. पन्हाळीतला पाला काढायचे, न्हाईतर पाणी तुंबून लाकडात मुरतंय. फळीला, तुळईला अळशीचं तेल पाजायचे. सांध्यात, कापलेल्या टोकात सुदीक. वळचणीखाली जाळीची भोकं ठिवली व्हती मी, वारं खेळाया. ती साफ करायचे. औंदा कोण चढलं?"

कुणीच चढलं नव्हतं. उलट सोमेशनं भेटायला येणाऱ्यांना घर चांगलं दिसावं म्हणून वैशाखात जाळ्यांवर पांढऱ्या पीव्हीसीच्या पट्ट्या ठोकून घेतल्या होत्या. वारा बंद, आत ओल, वर तुंबलेली पन्हाळ, आणि अख्खा पावसाळा. भुंग्याला आणखी काय पाहिजे?

"म्हंजी," आई एकेक शब्द जुळवत म्हणाली, "त्ये असते तर ही पडलीच नसती."

"हाव."

"मला वाटायचं, घरात माझी कटकट नको म्हणून वर जाऊन बसतेत."

"कटकट बी असंल," साहेबराव म्हणाले.

आई हसली, आणि हसता हसता रडायला लागली. महाराजांच्या दंडाला बघून आलेलं हसू नव्हतं ते. सोमेश येऊन तिच्या शेजारी बसला. मीही बसले. मला रडू आलं नाही. पण तिचा हात धरला तेव्हा तो गरम आहे हे कळलं, आणि एवढं कळणंसुद्धा माझ्यासाठी नवं होतं.

दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. कुजलेलं तेवढं कापून काढलं, वाळलेलं लाकूड चारही बाजूंनी तेल पाजून बसवलं, वळचणीखाली पुन्हा जाळीची भोकं ठेवली, पन्हाळीला उतार दिला. शाळेत मी सातवीच्या वर्गासमोर उभी राहिले आणि सांगितलं, हे खरं नसणार असं कळत असूनही तीन सोमवार मी गप्प बसले, ते चुकलं. तुम्ही असं गप्प बसू नका.

तुम्हालाही तेच सांगते. घरात काही नवल दिसलं तर हात जोडायच्या आधी शिडी लावा आणि वर बघा. चिमूटभर ज्योतीवर टाकून बघा. देव खरा असेल तर तो शिडीवर रागावणार नाही. आणि गेलेल्या माणसाची खूण पाहिजे असेल तर तो काय पाठवतोय याची वाट बघत बसू नका. तो रोज कोणतं काम करायचा ते आठवा आणि तुम्ही करायला लागा. आमच्याकडे पुढच्या मिरगाआधी वळचणीवर मी चढणार आहे.