सासऱ्याचा डावा बूट

देवाजी मेश्राम कामठ्याहून पोराकरता मुलगी पाहायला आले, ते नवे बूट घालून. सोबत बायको, पोरगा राजदीप अन् जीपभर नातेवाईक. पाहायचं होतं रचनाला, अन् ती वाढली गोंदियाच्या मुलींच्या बालगृहात.

रचना वीस वर्षांची. अठरा पुरे झाले तेव्हाच रजिस्टरातून तिचं नाव कटलं होतं. पण निर्मलाबाईनं तिचं ताट काही फळीवरून काढलं नाही. निर्मलाबाई कागदोपत्री काळजीवाहक, पोरींच्या तोंडी आई. रचना दर रविवारी येऊन त्याच ताटात जेवायची.

पोहे झाले, चहा झाला. पोरगी पसंत होती, पण देवाजींचं एक अडलं होतं. "पहिल्या बाळंतपनाले पोरगी जाईन कुठी? माहेर नाही तिले."

निर्मलाबाईनं कपबशी खाली ठेवली. ती काही बोलणार तोच बाहेर गलका झाला. पाहुण्यांच्या चपला गायब.

साळ्या नवरदेवाचे जोडे लपवतात, एवढं पोरींनी ऐकलं होतं. ते लग्नात, अन् फक्त नवरदेवाचे, हे कोणी सांगितलं नव्हतं. अकरा पाहुणे, बावीस पाय, अन् साळ्याही नेमक्या बावीस. एकीलाही नाराज व्हायला जागा नव्हती.

निर्मलाबाईला वाटलं, गेली सोयरीक. चपला निघाल्या तांदळाच्या कोठीतून, दप्तरांतून, एक तर तपासणीच्या फायलींमागून, जिथं कोणीच हात घालत नाही. एकवीस सापडल्या. देवाजींचा डावा बूट सात वर्षांच्या अल्काजवळ होता, अन् तिनं दाराआडून सगळं ऐकलं होतं.

"काऊन वं बाई, देत काऊन नाहीस?" देवाजींनी विचारलं.

"आधी बोला, ताईले बाळ होईन तवा इथीच आनान."

"अन् इथी पाहीन कोन तिले?"

"आई आहे. आमी बावीस झनी आहो."

मागं एकवीस जणी उभ्या होत्या. एकही हसत नव्हती. देवाजींनी राजदीपकडे पाहिलं. "बावीस साळ्या आहेत. विचार करून हो म्हन." राजदीपनं विचार न करताच मान हलवली.

"राहू दे बूट तुझ्याजवळ," देवाजी अल्काला म्हणाले. "बाळंतपनाले आनीन तिले, तवा नेईन." अन् एका पायात बूट, दुसऱ्यात निर्मलाबाईची निळी स्लिपर घालून जीपमध्ये बसले.

दोन वर्षांनी, रचनाला सातवा महिना लागला, तेव्हा ते तिला घेऊन आले. अल्कानं बूट काढला. दर रविवारी तेल लावून तिनं तो पार चकचकीत केला होता. निर्मलाबाईनं फळीवरून ताट काढलं.

देवाजींनी पिशवी उघडली. आत उजवा बूट होता, अन् निळी स्लिपर, धुतलेली.