उंबराला चामडं नको

झाडावर चढणाऱ्याचा जीव झाडावर नसतो, खाली दोर धरणाऱ्याच्या तोंडात असतो. सिरसाळ्याच्या आसपास अवघड झाडं उतरवायची तर लोक एकाच जोडीला बोलवायचे. वर हरिबा, खाली ख्वाजा. फांदी कुठं कलतेय, दोर कुठं अडतोय, हे वरच्याला दिसत नाही. म्हणून खालून ख्वाजा "चालव" म्हणेपर्यंत हरिबा पेट्रोलच्या करवत-मशीनला हात लावायचा नाही. आणि ख्वाजा "न्हाई" म्हणाला, की झाडाचा मालक कितीही तणतणू दे, हरिबा उतरून खुशाल तंबाखू मळत बसायचा. हरिबा बायकोचं ऐकत नाही, पण ख्वाजाचं ऐकतो, अशी लोक चेष्टा करायचे, आणि हरिबाची बायको मुक्ताबाई सगळ्यांत आधी हसायची.

फांदीचा दोर निराळा आणि माणसाचा निराळा, हा दंडक ख्वाजाचाच. हरिबाच्या कमरेचा पट्टाही त्यानंच शिवला होता. दुहेरी चामडं, आत पोलादी तार. खोडाभोवती टाकून कमरेच्या कडीत अडकवला, की दोन्ही हात मोकळे, आणि मशीन चुकून घासली तरी माणूस शाबूत.

त्या साली शेजारच्या वाडीत दत्ताच्या देवळापुढं सप्ता बसला होता. रोज कीर्तनाला हरिबा पुढं मांडी घालून बसे, ख्वाजा मागं खांबाला टेकून. बुवांनी एखादं चरण धरलं, की ख्वाजाचे ओठ त्यांच्या आधी हलायचे. "ख्वाजाभाई, तू टाळ घे बे, मी दोर धरतो," असं हरिबा म्हणायचा.

सप्ता भर रंगात असताना एका संध्याकाळी वावटळ सुटली आणि देवळाच्या उंबराची थोरली फांदी बगलेत तडकली. मंडपावर लोंबकळत राहिली. सकाळी दोघांना बोलावणं आलं. मंडपातली माणसं बाहेर काढली, पण आप्पाराव विणेकरी जागचे हलेनात. सप्ता उठेपर्यंत वीणा खाली ठेवायची नसते, मंडप सोडायचा नसतो. ख्वाजानं हात जोडले तेव्हा ते जेमतेम कडेच्या खांबाशी सरकले. गळ्यात वीणा, ओठांवर नाम.

हरिबानं वहाणा काढल्या, झाडाच्या पाया पडला आणि पट्टा कमरेला लावू लागला. तेव्हा आप्पाराव मायेनंच म्हणाले, "हरिबा, दत्ताचा उंबर हाय. चामडं नको लावू, बाबा."

पायताणासकट गाभाऱ्यात शिरलेल्या माणसासारखा हरिबाचा चेहरा झाला. पट्टा सोडून त्यानं ख्वाजाच्या हातात दिला आणि मंडपाचा सुती दोर कमरेला बांधला. मग रोजच्या सवयीनं ख्वाजाकडं बघितलं.

ख्वाजाच्या ओठावर शब्द आला होता. ताणलेला सुती दोर मशीनच्या साखळीला नुसता लागला तरी दह्यासारखा कापला जातो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? पण समोर पादुका होत्या, हात जोडलेली माणसं होती, वीणा होती. देव यांचा, झाड यांच्या देवाचं. त्यात आपण कशी जीभ उचलावी? त्यानं गाठ दोनदा ओढून पाहिली आणि मान खाली घालून म्हणाला, "चालव."

अहो, भक्ताच्या पायात काटा रुतला तर ज्याच्या डोळ्यांत पाणी येतं, तो देव काय चामड्याच्या एका पट्ट्यानं विटाळणार होता? पण त्या घडीला हे बोलायला देवाला माणसाचंच तोंड हवं होतं.

हरिबानं वर चढून दोर खोडाला वेढला आणि आधी फांदीला खालून खाच पाडली, म्हणजे साल सोलून फांदी खोडाकडं फाटत नाही. मग वरून मशीन लावली. उंबराचा पांढरा चीक भळभळला. त्यावर अनवाणी पाय सरकला आणि सगळा भार कमरेच्या दोरावर आला. त्याच क्षणी फांदी सुटली, झाडानं हिसका दिला आणि साखळी दोराला लागली.

ख्वाजाच्या दोन्ही हातांत फांदीचा दोर होता, शेजारच्या लिंबाला वेढा देऊन धरलेला. सोडला असता तर फांदी आप्पारावांच्या अंगावर गेली असती. त्यानं सोडला नाही. हरिबा खाली येताना दिसला, फरशीवर आपटलेला ऐकू आला, आणि ख्वाजा फांदी हळूहळू, रोज उतरवायचा तशीच, उतरवत राहिला. ती भुईला टेकली तेव्हा कुठं तो धावला. परळीच्या दवाखान्याच्या वाटेवर त्याच्या मांडीवरच हरिबाचा श्वास थांबला.

सावडण्याच्या दिवशी ख्वाजा हरिबाच्या दारात गेला, पण आत काही गेला नाही. ओसरीवरची माणसं म्हणत होती, सप्त्यात, देवाच्या दारी मरण आलं, पुण्यवान जीव. सप्ता उठल्यावर आलेले आप्पाराव कोपऱ्यात गुडघ्यांत डोकं घालून बसले होते. मुक्ताबाई सगळ्यांचं ऐकून घेत होती. ख्वाजा दिसताच उठून बाहेर आली.

"दोर तुमी बघितलता?"

"व्हय."

"तुटंल, हे ठावं व्हतं?"

"व्हय, वहिनी."

"मग न्हाई कावून म्हनला न्हाईत?"

ख्वाजाला तिच्याकडं बघवेना. "तुमच्या देवाचं झाड व्हतं," तो म्हणाला. "मी कोन बोलनार?"

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं हात उगारला असता तर त्यानं पाठ पुढं केली असती. ती नुसती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. सोयरीक जुळवताना, पोरगी नांदायला धाडताना, सासू जाताना हा माणूस याच दारात उभा होता, आणि आज तो हे बोलत होता.

"भाऊ," ती म्हणाली, "तुमी आमाला इतके परके कवा झालते? त्येंला तर कवाच कळलं न्हाई."

आत बायांनी हरिपाठ धरला होता. मुक्ताबाई तिथंच भुईवर बसली. बऱ्याच वेळानं ख्वाजाही बसला, तिच्यापासून हातभर लांब.