तपासणीसाठी सारवलेली चूल

मी निर्धूर चूल बोलतेय. नाव मोठं, लक्षण खोटं, असं म्हणायला तुम्ही मोकळे आहात. पण आधी माझं ऐकून घ्या.

पंच्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात, राधानगरीच्या वाटेवरच्या एका गावात आकारामच्या घरी माझा जन्म झाला. गवंड्यानं शेणमातीत भाताचं तूस मळून मला घातलं, पोटातून भुयार काढलं आणि धुरासाठी छपरावर नळी नेली. आकारामची बायको चिमणाबाई हिचे डोळे धुरानं बारा महिने लाल असत. माझ्यावर पहिल्या दिवशी भाकरी भाजताना ती डोळ्याला पदर लावायचं विसरूनच गेली. तेव्हा मला माझाच अभिमान वाटला.

तिची सासू धोंडुबाई मात्र मला नावं ठेवी. "धूर न्हाय ती कसली चूल? आढ्याला वाळवी लागंल की."

शेवटी बोली झाली. दिवाळीनंतर सरकारी साहेब येऊन लाकूड किती लागतं, धूर होतो का, ते बघणार होते. मी पास झाले तर राहणार, नापास झाले तर मला फोडून जुनी चूल घालायची.

चिमणाबाई तयारीला लागली. लेकीला बघायला पाहुणे येणार असावेत तशी. रोज शेणमातीचा हात फिरवी. बाहेरून झालं की आत, भुयाराच्या तोंडापर्यंत. बाईची पारख चुलीवरून होते, असं तिला आईनं शिकवलेलं. थरावर थर चढत गेला. वर मी काळी पडू नये म्हणून शेवटचे आठ दिवस तिनं मला पेटवलंच नाही. अंगणात तीन दगडांवर स्वयंपाक केला. माणसांची ही रीतच न्यारी, दाखवायची वस्तू वापरायची नाही. माझा श्वास कोंडला होता, पण तो हात मायेचा होता. मी सुखावत राहिले, याची आज फार खंत वाटते.

साहेब आले. लाकडं तोलली, पाणी मोजलं, घड्याळ लावलं. जाळ केला आणि सगळा धूर माझ्या तोंडातून घरात आला.

"कसली निर्धूर? नापास," साहेब खोकत म्हणाले.

"आजवर कदी असं झालं न्हाय, साहेब," चिमणाबाई काकुळतीला आली.

त्यांना एसटी गाठायची होती. ते गेले.

"बोली ती बोली. फोड रं," धोंडुबाई म्हणाली.

आकारामनं पहार घातली. मी अर्धी फुटले तेव्हा भुयारातून वाळल्या शेणमातीचा गोळा निघाला. त्यावर चार बोटांच्या रेघा होत्या. चिमणाबाईनं त्या ओळखल्या.

"मीच बुजिवलं की हिला," ती म्हणाली.

धोंडुबाईनं गोळा हातात फिरवून बघितला. "सारवान मातूर झ्याक हाय पोरी. कुटं चीर न्हाय." लग्नाला सात वर्षं झाली होती, सासूचा हा पहिला चांगला शब्द. तो ऐकून चिमणाबाई ढसाढसा रडली.

आता मी परड्यात पडून आहे; घरात पुन्हा जुनी धुराची चूल पेटते. माझ्या खळग्यात कोंबडी अंडी घालते. तुमच्या घरी माझी बहीण असेल, तर तिला खुशाल सारवा; पण अधूनमधून तिचं भुयार मोकळं आहे का, तेही बघा. चिमणाबाई रोज अंडी न्यायला येते. हल्ली ती अंडी चाचपून शोधते.