पात्याचं टोक

पातं इतकं पातळ, की उभं धरलं तर दिसायचंच नाही, आडवं केलं की त्यावर आभाळाची एक बारीक रेघ उमटायची — आणि आत्ता ती रेघ मध्येच संपत होती. मार्नीने सुरी पुन्हा फिरवली. चरबीने मूठ बुळबुळीत झाली होती. पातं बाहीला अलगद पुसून तिने पाहिलं. टोक नव्हतं. तान्ह्या ओपलच्या नखाएवढा तुकडा... गेला होता.

आत. एल्कच्या, त्या घोड्याएवढ्या हरणाच्या, मागच्या फऱ्यात, खुब्याच्या सांध्यापाशी कुठेतरी.

पिळायचं नसतं. मोंटानात शिकारीसाठी ही शस्त्रक्रियेच्या सुरीसारखी, बदलत्या पात्यांची सुरी हातात घेणारा प्रत्येक जण हे पहिल्याच दिवशी ऐकतो, आणि प्रत्येक जण एकदा तरी पिळतोच. कातडीखाली ती अशी सरकते की आपण कापतोय की कातडी आपणहून सुटतेय ते कळत नाही. पण सांध्यात घालून जरा तिरपी केली की संपलं. आणि तिला ठाऊक होतं, चांगलं ठाऊक होतं, फक्त सांधा सुटेना, ऊन चढत चाललेलं, ओपलला पाजून सहा तास झालेले, छाती दुधाने दगडासारखी होऊन ठणकत होती... मनगटाने तिला न विचारता वळण घेतलं. कट्. एवढासा आवाज.

"काय मोडलं?" एल्डनने विचारलं. तिचा सासरा पलीकडे बर्फात गुडघे टेकून पुढचा फरा कापडी पिशवीत भरत होता.

"पातं. टोक आत राहिलंय."

"तरी म्हटलं, डॉक्टरीणबाई आज शांत कशा!" त्याने कमरेचा जाड चाकू थोपटला. "हा बघ. चाळीस वर्षांत एकदा मोडला नाही."

"मोडेल कसा? चाळीस वर्षांत एकदा धार लावली असेल तर ना, पॉप."

तो खो खो हसला. मग उठून तिच्या बाजूला आला, वाकला. "एवढं तोंड कशाला पाडतेस? सांध्याभोवतीचा हा गोळा काप आणि दे फेकून. पाच किलोने काय होतंय? डोमकावळे दुवा देतील."

कुठला गोळा? तिला विचारायचं होतं. मांस हलतं, सरकतं, पिळताना आपणच तो तुकडा कुठल्या कुठे ढकललेला असतो. उजवीकडचा गोळा टाकायचा आणि टोक डावीकडच्यात घरी न्यायचं... मग डिसेंबरात कधीतरी ते मांस शिजेल, बटाट्यात कुस्करलं जाईल, आणि ओपल तोंड उघडेल. खालचे दोन दात, वरचा एक अर्धा. तिचं पहिलं मांस या मोसमातल्या एल्कचं असणार, हे मार्नीने उन्हाळ्यातच ठरवलं होतं, माझ्या हातचं, मी मारलेलं, मी कापलेलं. आणि डोमकावळ्यांच्या नशिबी तरी पोलाद का? गेल्या वर्षी कुणीतरी वापरलेली पाती अशीच आतड्यांच्या ढिगात टाकून गेलं होतं. शेजाऱ्यांची कुत्री पंजा चिरून तीन पायांवर घरी आली.

पण हे सगळं वरवरचं. खाली दुसरंच होतं.

ऑगस्टमधली ती दुपार. वाणसामान आत आणलं, दूध फ्रिजमध्ये ठेवलं, भाजीच्या पिशव्या रिकाम्या केल्या, आणि ओपल बाहेर ओसरीवर, गाडीतून काढून आणलेल्या पाळण्यात... झोपलेली. चार मिनिटं. चार मिनिटं मला मूल आहे हेच मी विसरले होते. काही झालं नाही. सावली होती, वारा होता. क्लेव्हला — नवऱ्याला — तिने सांगितलं नाही, कुणालाच नाही. पण तेव्हापासून ती शेगडी दोनदा पाहायची, दार तीनदा, आणि आपल्याच डोक्याकडे उसनं आणलेलं असल्यासारखी पाहायची.

"वीस मिनिटं द्या मला," ती म्हणाली.

"पोरी, अस्वलांना वास लागला की ती वीस मिनिटं देत नाहीत."

"मग तुम्ही अस्वलांकडे बघा. मी इकडे बघते."

"दहा."

"वीस म्हटलं."

एल्डनने बंदूक उचलली आणि झाडांकडे तोंड करून उभा राहिला. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला, त्यात 'हट्ट' आणि 'क्लेव्हची आई' एवढं कळलं.

बोटांनी चाचपायचं नाही. तिने पांढरं कापड बर्फावर अंथरलं, पक्कड मिटवली, आणि तिच्या बोथट नाकाने मांसाचा एकेक पदर उलगडत, टेकवत, ओढत निघाली. घाई केली नाही. आश्चर्य म्हणजे घाई होतही नव्हती. डोकं, जे महिनोन्महिने ओल्या कापसासारखं झालं होतं, ते एका रेषेत चालत होतं, हा पदर झाला, आता हा, आता त्याची खालची बाजू. डोळे तर नुसते सोबतीला होते. ती ऐकत होती. भिंतीपलीकडचा श्वास ऐकून मूल जागं आहे की झोपेत ते ओळखणारे कान... ते कान आता मांसाला लागले होते. मऊ. मऊ. हाड, खर्रर्. कूर्चा. मऊ...

टिक्.

सांध्याच्या वाटीच्या काठाशी, पांढऱ्या कूर्चेत रुतलेलं. तिने पक्कड उघडली, पकडलं, सरळ ओढलं. न पिळता. टोक बाहेर आलं तेव्हा ते इतकं क्षुल्लक दिसलं की तिला हसू फुटलं. ते कापडावर ठेवून तिने मोडकं पातं त्याला भिडवलं. कड कडेला बसली. फट नाही. म्हणजे तिसरा तुकडा नाही. कुठेच नाही!

"सापडलं!" ती ओरडली, आणि डोमकावळे फांद्यांवरून उडाले.

एल्डन आला. चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ त्या दोन तुकड्यांकडे पाहत राहिला. "मी सोडून दिलं असतं," तो म्हणाला. थट्टेत नाही.

पकडीने पात्याचं बूड उचलून, धार पलीकडे ठेवून तिने ते मुठीच्या खाचेतून सरकवून काढलं आणि दोन्ही तुकडे बाटलीत टाकले. गरोदरपणातल्या गोळ्यांची बाटली, दाबून फिरवल्याशिवाय न उघडणाऱ्या झाकणाची. भरली की चिकटपट्टी लावून दवाखान्यातल्या वापरलेल्या सुयांच्या पेटीत जायची. तिने नवं पातं चढवलं. एल्डनने न सांगता तंगडी धरली, ओढली. तिने फक्त टोकाने, फक्त सांधा बांधून ठेवणाऱ्या, ताणलेल्या दोरीला स्पर्श केला, आणि फरा त्याच्या मिठीत अख्खा सुटून आला. तो धडपडला, शिवी हासडून हसला. ती हसताना दूध सुटलं, सदऱ्यावर दोन ऊबदार डाग पसरत गेले, आणि तिला त्याची लाज वाटली नाही. डोंगर, ऊन, वाफाळणारं मांस — सगळं तिचं होतं.

ऑगस्टची दुपार तिथेच होती, ओसरीवर. ती पुसली गेली नव्हती. पण आता तिच्याकडे नजर वळवता येत होती.

"पॉप."

"काय गं?"

तो फरा छातीशी धरून उभा होता. काय सांगायचं ते तिला ठाऊक होतं: ती चार मिनिटं. कुठून सुरुवात करायची ते नव्हतं. तिने तोंड उघडलं.