तीन ते सव्वातीन

घड्याळवाल्याच्या दुकानात भिंतीवर एकोणीस घड्याळं होती आणि एकोणीसच्या एकोणीस एकाच क्षणी तीन वाजवायची. गिऱ्हाइकं दचकायची. घड्याळं एकमेकांशी भांडायला लागली की आपण दुकानाला कुलूप लावावं, असं तो म्हणायचा. माणूस धंद्यात चोख. चर्चच्या मंडळीतही त्याचं नाव तसंच होतं. रविवारी शास्त्रपाठ वाचायला तो उभा राहिला की मागच्या बाकावर चाललेली कुजबुजसुद्धा थांबायची. देवाचं व्हायचं तर पूर्ण मनानं, अशा अर्थाचं काही वाचनात आलं की त्याच्या भारदस्त आवाजामुळे ऐकणारे मान खाली घालून आपलं मन तपासायचे. वाचणारा तपासत होता की नाही, ते आता कळेलच.

बुधवारी दुपारी तीनचे ठोके सुरू झाले आणि त्यांच्याबरोबर त्याचा फोन एकदाच वाजून बंद झाला. पडद्यावर नाव होतं नर्सबाईचं. नर्सबाई सोमवारी पहाटे गेली होती. मंगळवारी सकाळी तिला पुरलं, तेव्हा मूठभर माती त्यानंही टाकली होती.

या रिंगची भानगड आधी सांगायला हवी. मंडळीत प्रार्थनेची एक साखळी होती. दुपारी बारा ते सहा, चोवीस माणसं, प्रत्येकाला पंधरा मिनिटं. घरी असा, कामावर असा, असाल तिथं बसायचं, यादीतल्या आजारी आणि अडलेल्या माणसांची नावं देवापुढं ठेवायची आणि झालं की पुढच्याला एक रिंग देऊन फोन तोडायचा. बोलायचं नाही. रिंग आली म्हणजे तुमची पाळी सुरू. नर्सबाई पावणेतीन ते तीन, तिच्यानंतर घड्याळवाला तीन ते सव्वातीन, त्याच्यानंतर बेकरीवाली. अकरा वर्षं हे असं चाललं होतं.

त्यातली नऊ वर्षं तो खरंच बसला. मग एका दुपारी बायकांच्या मनगटी घड्याळाची केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरलेली असताना रिंग आली. स्प्रिंग खाली ठेवली असती तर तासाभराचं काम पाण्यात गेलं असतं. संध्याकाळी बसू, असं त्यानं ठरवलं आणि बेकरीवालीचा खोळंबा नको म्हणून सव्वातीनला रिंग तेवढी देऊन टाकली. आभाळ कोसळलं नाही. संध्याकाळी जेवणाची गडबड झाली. दुसऱ्या दिवशी स्प्रिंग नव्हती, पण लंबक होता. महिन्याभरात त्यानं फोनला सव्वातीनचा गजर लावला. तो वाजला की डोळ्याचं भिंगही न काढता अंगठ्यानं रिंग द्यायची आणि पुन्हा कामाला लागायचं. पाप अंगवळणी पडायला मोठं असावं लागत नाही, सोयीचं असलं की पुरतं.

पण सोयीचं पापसुद्धा एखाद्या दिवशी वसुलीला येतंच. गेल्या वर्षी बेकरीवालीच्या नवऱ्याच्या हृदयाचं ऑपरेशन नेमकं दुपारीच झालं. आठवड्यानं ती ताजा पाव घेऊन दुकानात आली. त्याचा हात धरून म्हणाली, "काका, तीन वाजले आणि मनात आलं, आता काका बसले असतील. तेव्हा कुठं माझं रडणं थांबलं." त्यानं पाव घेतला. घरी बायको दुसरा तुकडा मागत होती आणि याचा पहिलाच घशाखाली उतरेना. उद्यापासून नक्की, असं त्यानं त्या रात्री ठरवलं होतं. उद्या उजाडला, घड्याळं आली.

त्यामुळे नर्सबाई गेली तेव्हा त्याला वाईट वाटलं, आणि, लाज वाटते सांगायला, जरा हायसंही वाटलं. आता तीनला कुणी बोलावणार नव्हतं. तिच्या जागी नवा माणूस रविवारी नेमू, असं पाळकांनी सांगितलंच होतं. तिच्याबद्दल रविवारी दोन शब्द तुम्हीच बोला, अकरा वर्षं तिच्या हातातून तुमच्या हातात प्रार्थना येत होती, असंही ते म्हणाले होते. तो हो म्हणाला होता.

आणि बुधवारी रिंग आली. नर्सबाईचं घर तर बंद असणार. तिचा म्हातारा नवरा, पूर्वीचा गवंडी, डोळ्यांनी अधू झालेला. मंगळवारी दफन आटोपल्यावर पुतण्या त्याला आपल्याकडे घेऊन गेला होता. फोनमध्ये काहीतरी बिघाड असेल, अशी घड्याळवाल्यानं स्वतःची समजूत घातली. गुरुवारी तीनचे ठोके पडले आणि रिंग आली. शुक्रवारी पुन्हा.

त्याला घाम फुटला तो वेगळ्याच कारणानं. नर्सबाईची रिंग कधी ठोक्याला येतच नसे. कधी तीनला दोन मिनिटं कमी, कधी तीन वाजून चार मिनिटं. या ढिसाळपणावर तो मनातल्या मनात चिडायचाही. आता मात्र रिंग ठोक्याबरोबर येत होती, सेकंदाचा फरक नाही. त्याची स्वतःची रिंग जशी जायची तशी. कुणीतरी त्याची नक्कल करून दाखवत होतं.

शुक्रवारी त्याच्या हातून एक काच फुटली, तीस वर्षांत पहिली. गिऱ्हाइकासाठी ठेवलेल्या खुर्चीकडे त्यानं पाठ फिरवली, मग पाठीमागं ती आहे हे सहन होईना म्हणून पुन्हा तोंड केलं. खुर्ची रिकामीच होती. एकोणीस घड्याळांच्या टिकटिकीत त्याला पहिल्यांदाच बसवेना. उलट फोन करून पाहावा, हे सुचत होतं. पण पलीकडून कुणी उचलला तर काय बोलायचं? संध्याकाळी बायकोनं विचारलं, भूत पाहिल्यासारखं तोंड का झालंय. रविवारी बोलायचंय ना, त्याची काळजी, असं सांगून त्यानं वेळ मारून नेली. खोटं बोलायला जीभ सरावली होती.

शनिवारी पावणेतीनला तो नर्सबाईच्या दारात उभा होता. घराला कुलूप नव्हतं. दार लोटलेलं होतं आणि आत कुणीतरी खोकलं. मग आतून म्हाताऱ्याचा आवाज आला, कोण आहे, आत या, दार ढकला, ते अडकतं.

गवंडी खिडकीपाशी बसला होता. शेजारची वेताची खुर्ची रिकामी होती आणि तिच्या हातावर नर्सबाईची शाल होती. घड्याळवाल्यानं आपण कोण ते सांगितलं. म्हातारा खूश झाला, भिंतीकडे बोट करून म्हणाला, तुझं घड्याळ झकास चाललंय. भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ त्यानंच नीट करून दिलं होतं. महिन्याला अर्धं मिनिटही चुकत नसे. पुतण्याकडे एक रात्र काढली आणि सकाळीच परत आलो, असं म्हातारा सांगत होता. तिथं कुठल्या भिंतीला हात लावून चालावं कळेना. इथल्या भिंती मी बांधल्यात, त्या मला ओळखतात.

म्हणजे फोन हाच करत होता. घड्याळवाल्याच्या छातीवरचा दगड उतरला. हसूही यायला लागलं. भुताला नवरा निघाला.

"मी तिच्या देवाच्या वाटेला कधी गेलो नाही," म्हातारा म्हणाला. "ती बसायची, मी शेजारी बसायचो. मरायच्या आदल्या दिवशी म्हणाली, नवा माणूस येईपर्यंत तीनला तेवढी फोनची ही कळ दाबत जा, एक रिंग झाली की तोडत जा. पुढच्याला वाटायला नको की मागं कुणी उरलं नाही. म्हणून ठोके मोजतो आणि दाबतो. मला बाकी काही येत नाही."

पुढचा कोण, असं घड्याळवाल्यानं विचारलं. ते तिनं कधी सांगितलं नाही, म्हातारा म्हणाला. पण त्या पुढच्याची एक गंमतच आहे. तीनला रिंग देऊन झाली तरी ही उठायची नाही. तशीच सव्वातीनपर्यंत बसून राहायची. दोन वर्षं चाललं हे. एकदा मी रागावलो, म्हटलं चहा केव्हाचा निवतोय, तुझी पाळी संपली ना? तर म्हणाली, पुढची जागा रिकामी आहे.

"तुला कसं कळलं, मी विचारलं. म्हणाली, बेकरीवाली कौतुक करत असते, तिला रिंग रोज बरोबर सव्वातीनला येते, सेकंद चुकत नाही. जो माणूस मनापासून बसतो, त्याचं कधीतरी मागंपुढं होतंच. ह्याचं होत नाही." म्हाताऱ्यानं शालीवरून हात फिरवला. "मी म्हटलं, मग सांग की त्याला. नको म्हणाली. सांगितलं तर लाजेनं येईल, आणि लाजेनं आलेला टिकत नाही. तोवर मी आहेच, म्हणाली."

घड्याळवाला उठला. आता निघावं, एवढंच त्याला सुचत होतं. काही तरी कारण सांगावं, दुकान उघडं टाकून आलोय असं काही. तेवढ्यात त्यानंच दुरुस्त केलेल्या घड्याळानं घरघर केली आणि ठोके सुरू झाले. एक. दोन. तीन. म्हाताऱ्याचं बोट सवयीनं फोनच्या कळेवर गेलं.

घड्याळवाल्याच्या खिशात फोन वाजला. एकदाच.

म्हाताऱ्यानं मान वळवली. ते धुरकट डोळे त्याच्या तोंडाच्या जरा डावीकडे रोखले गेले. घड्याळवाल्याला वाटलं, म्हातारा ओरडेल, हाकलून देईल. त्यानं हाकलायला हवं होतं.

"तू होय," म्हातारा म्हणाला. मग शाल उचलून मांडीवर घेत म्हणाला, "बस. ती खुर्ची तिची."

तो बसला. रविवारी भारदस्त आवाजात वाचणाऱ्या माणसाला एक शब्द आठवेना. यादी दुकानात टाचणीला टोचलेली, तिच्यावर धूळ. शेवटी त्यानं एवढंच म्हटलं, आणि तेही पुटपुटत: प्रभू, मी इथं नव्हतो. मग रडू आलं, थांबलं, पुन्हा आलं. हळूहळू एकेक नाव आठवायला लागलं. काही माणसं बरी झाली होती, दोघं मेली होती, आणि त्यांच्यासाठी तो एकदाही बसला नव्हता. तीही नावं त्यानं घेतली. खिशात सव्वातीनचा गजर वाजला, त्यानं न बघताच दाबून टाकला. रिंग द्यायचं राहिलं ते राहिलंच. शेजारी म्हातारा नुसता बसला होता, नेहमीसारखा.

घड्याळानं साडेतीनचा एक ठोका दिला आणि पाठोपाठ फोन वाजला. यावेळी तो एका रिंगवर थांबला नाही. बेकरीवाली होती, घाबरलेली. तुमची रिंग आली नाही काका, तब्येत बरी आहे ना, घड्याळं बंद पडली की काय?

हो म्हणून हसून सोडवून घेता आलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं.

"घड्याळं बरोबर आहेत," तो म्हणाला. "मी दोन वर्षं बसतच नव्हतो. नुसती रिंग देत होतो. आज बसलो."

पलीकडे भट्टीचं दार उघडल्याचा आवाज आला, मग बंद झाल्याचा. मग तिनं अगदी हळू विचारलं, "आमच्या ह्यांच्या ऑपरेशनच्या दिवशी?"

"त्या दिवशीही नाही."

तिनं फोन ठेवला नाही. घड्याळवाल्यानं डोळे मिटले. त्या दुपारी त्याच्या नावावर जिनं धीर धरला होता, तिचा तो आधारच आपण आत्ता काढून घेतला, हे त्याला कळत होतं.

म्हाताऱ्यानं हात पुढे करून चाचपडत त्याचा खांदा शोधला.

"तिला सांग," तो म्हणाला, "त्या दिवशी जागा रिकामी नव्हती."